पैशांची मॅगझिनं नवख्याने वाचावीत का? सात महिने वाचून माझा झालेला गोंधळ

नवखा_भिडू

मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नोकरी लागून दीड वर्ष झालं, महिनाअखेर चार पैसे उरायला लागले तेव्हा ठरवलं की गुंतवणूक शिकायची. यूट्यूबवरच्या आरडाओरड्याने डोकं उठलं म्हणून म्हटलं छापील काहीतरी शिस्तीत वाचू, आणि पर्सनल फायनान्सच्या तीन मॅगझिनांचं एकदमच सबस्क्रिप्शन घेतलं. पहिले दोन महिने भारी वाटलं. रात्री जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसायचो. मग एका अंकात 'आत्ता घ्यावेत असे सर्वोत्तम म्युच्युअल फंड' अशी यादी आली, त्यातले तीन घेतले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मॅगझिनची यादी आली तर त्यात पहिल्यातला एकही नाही! म्हटलं आपलं चुकलं, त्यातले आणखी तीन घेतले. असं करत करत आज माझ्याकडे आठ फंड आहेत आणि कुठला कशासाठी घेतला ते मला स्वतःला सांगता येत नाही.

आता सबस्क्रिप्शन संपत आलंय. रिन्यू करू का? ही मॅगझिनं नवीन माणसाच्या खरंच कामाची असतात की मीच वाचायला चुकतोय?

टोचा

आठ फंड? अरे ही गुंतवणूक नाही, तिकिटं जमवायचा छंद आहे.

जमाखर्च

टोचाभाऊ, त्याचा पहिलाच धागा आहे, जरा दमानं.

भिडू, एक काम कर. त्या आठही फंडांची महिन्याची माहितीपत्रकं उघड आणि प्रत्येकातल्या पहिल्या दहा कंपन्यांची नावं एका कागदावर लिही. मग इथे येऊन सांग.

नवखा_भिडू

केलं. आठपैकी सहांत पहिल्या पाच कंपन्या जवळपास त्याच आहेत, फक्त क्रम वेगळा. म्हणजे मी एकच वस्तू सहा दुकानांतून घेतली?

जमाखर्च

हो, आणि सहाही ठिकाणी वेगळी फी भरून. पण वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही सगळे याच वाटेने आलोय.

मुद्द्यावर येतो. मॅगझिनमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो आणि तो एकाच कागदावर एकाच टायपात छापलेला असल्याने आपल्याला सारखाच वाटतो. एक म्हणजे जो पाच वर्षांनी वाचला तरी खरा असेल, जसं चक्रवाढ कशी चालते, एक्स्पेन्स रेशो (फंड दरवर्षी आपल्या पैशांतून कापतो तो खर्च) म्हणजे काय, आधी महागडं कर्ज फेडायचं की गुंतवायचं, आणीबाणीसाठी किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा. दुसरा म्हणजे जो पुढच्या अंकातच शिळा होणार, जसं या महिन्याचे टॉप दहा, बाजार कुठे चाललाय, अमुक क्षेत्राचे दिवस आले वगैरे. नवख्याला गरज असते पहिल्याची, आणि कव्हरवर असतो दुसरा. सगळी गोची इथेच आहे.

तुझं वाचणं चुकत नाहीये, तू कव्हरचं ऐकलंस इतकंच.

शाईचे_डाग

कव्हरवर दुसराच का असतो ते मी सांगते, कारण मी अशाच एका मासिकात काही वर्षं उपसंपादक होते (नाव विचारू नका).

एक तर मासिकाला वर्षाला बारा अंक काढावेच लागतात. नव्या गुंतवणूकदाराला खरंच लागणारी माहिती लिहायची ठरवली तर दोन अंकांत संपते, उरलेल्या दहा अंकांत काय छापायचं? 'मागच्या महिन्यात सांगितलं तेच करत राहा' असं कव्हर केलं तर अंक कोण उचलणार? मग वर्षाच्या सुरुवातीला संकल्प, कर भरायच्या दिवसांत कर, मध्येच निवृत्ती विशेषांक, मध्येच घरकर्ज आणि वर्षातून एकदा तो सर्वोत्तम फंडांचा अंक. आकडा असलेलं कव्हर विकलं जायचं हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. सात, दहा, पंचवीस, काहीही चालतं पण आकडा हवा. एकदा आमच्याकडे आठच फंड निकषात बसले होते पण कव्हर 'टॉप दहा' असं आधीच करून झालं होतं. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि वेळेचं गणित बघा. अंक तुमच्या हातात पडायच्या कितीतरी आठवडे आधी मजकूर बंद होतो, त्यातले आकडे त्याच्याही आधीच्या महिनाअखेरचे. म्हणजे 'आत्ता घ्या' मधलं आत्ता हे खरं तर दीड-दोन महिन्यांपूर्वीचं असतं. चक्रवाढीच्या लेखाला याने काडीचा फरक पडत नाही, शेअरच्या टिपेला मात्र पडतो.

तरी आमच्याकडे मनापासून लिहिणारी माणसं होती हेही सांगते. वाचकांच्या प्रश्नांचं सदर सांभाळणारे एक ज्येष्ठ सहकारी एकेका उत्तरासाठी दोन दोन दिवस घालवायचे. आणि ते सदर शेवटून तिसऱ्या पानावर!

चक्रवाढ

उत्तम प्रतिसाद, शाईताई. यात थोडी जुनी माहिती घालतो. उदाहरणं अमेरिकेतली आहेत कारण हा मासिकांचा प्रकार तिथे जुना आहे आणि त्यावर अभ्यासही तिथेच जास्त झालाय, पण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

'चेंजिंग टाइम्स' नावाचं मासिक किपलिंगर या प्रकाशनसंस्थेने १९४७ साली काढलं, या प्रकारातलं हे पहिलं मानतात, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ते जाहिराती घेतच नव्हतं. मग १९७२ मध्ये 'मनी' आलं, १९९२ मध्ये 'स्मार्टमनी'. पुढे वाचक इंटरनेटवर गेला, 'स्मार्टमनी'ची छापील आवृत्ती २०१२ मध्ये बंद झाली आणि 'मनी'ची २०१९ मध्ये.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर रॉयटर आणि झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक शोधनिबंध आहे. त्यांनी वरची तीन मासिकं (चेंजिंग टाइम्स तोवर 'किपलिंगर्स पर्सनल फायनान्स' झालं होतं) आणि दोन मोठी दैनिकं घेतली आणि तपासलं की जो फंडवाला जास्त जाहिराती देतो त्याच्या फंडांची शिफारस जास्त होते का. तिन्ही मासिकांत तसा संबंध दिसला, दोन्ही दैनिकांत नाही दिसला.

टोचा

बघा! सगळे विकले गेलेले. मी तर म्हणतो एकही वाचू नका.

चक्रवाढ

थांबा टोचाभाऊ, पुढचं तर ऐका, खरी गंमत तिथे आहे. त्याच निबंधात असंही निघालं की कौतुक छापून आलं की त्या फंडात लोकांचे पैसे मात्र भरपूर येतात, पण त्या कौतुकावरून फंडाचा पुढचा परतावा काही ओळखता येत नाही. आणि जाहिरातीचा प्रभाव नसता तर जे फंड यादीत आले असते त्यांचाही परतावा साधारण तेवढाच. म्हणजे जाहिरातीमुळे वाचकाचं फार नुकसान झालं असंही नाही, कारण यादी प्रामाणिक असती तरी तिचा उपयोग तेवढाच होता!

यादी विकली गेली की नाही हा वाद त्यामुळे मला दुय्यम वाटतो. मागच्या परताव्यावरून पुढचा फंड निवडणं हे कामच मुळात अवघड आहे, संपादक संत असला तरी.

निवांत_काका

नव्वद वर्षांपूर्वीही हेच. आल्फ्रेड कॉल्स म्हणून एक गृहस्थ होते, बाजाराचा अंदाज सांगणाऱ्या सेवांचे स्वतः वर्गणीदार. १९२९ ची पडझड झाल्यावर त्यांना प्रश्न पडला की यांना खरंच काही कळतं का. मग सगळ्यांचे जुने अंदाज गोळा करून हिशेब मांडला आणि १९३३ मध्ये छापला. त्यात आर्थिक नियतकालिकंही होती. नुसते पत्ते पिसून काढलेल्या अंदाजांशी तुलना केली तर यांची कामगिरी काही त्याहून सरस निघाली नाही.

आमच्या उमेदीच्या काळातलं एक कव्हर अजून डोळ्यासमोर आहे. 'बिझनेसवीक'ने ऑगस्ट १९७९ मध्ये शेअरबाजाराचा मृत्यू झाल्याचं कव्हर छापलं होतं. महागाई तेव्हा खरंच भयंकर होती, लोक सोनं आणि जमिनीकडे पळत होते, तेव्हा वेडेपणाने लिहिलं असं नाही म्हणणार, त्या दिवशीचं खरंच होतं ते. पण तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये जी तेजी सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षं चालली. एखादी गोष्ट कव्हरवर येईपर्यंत ती सगळ्यांना कळलेली असते, हाच यातला खरा अडथळा.

रिकामटेकडी

काका, तुम्ही मृत्यूचं सांगितलंत, मी अमरत्वाचं सांगते. 'फॉर्च्युन'ने ऑगस्ट २००० मध्ये पुढचं दशकभर टिकतील अशा दहा शेअरांची यादी दिली होती. त्यात एन्रॉन ही ऊर्जा कंपनी होती! दशक राहू दे, डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं. दूरसंचारवाली नॉर्टेल पण त्याच यादीत, तिने २००९ मध्ये हात टेकले. जेनेंटेकसारखी चांगली निघालेली कंपनीही त्यात होती हे कबूल, पण नवख्याला दहातली कुठली ते कसं कळायचं?

उंबरठा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, सगळे यादीवरच तुटून पडलेत म्हणून.

माझं आर्थिक शिक्षण मासिकांनीच केलंय. घरी पैशांबद्दल बोलायची पद्धतच नव्हती, बाबा सगळं बघायचे आणि ते गेल्यावर आईला आणि मला बँकेचे कागद सुद्धा वाचता येत नव्हते. तेव्हा शेजारच्या काकूंनी जुन्या अंकांचा गठ्ठा दिला, रद्दीत चाललेला. त्यात एक सदर असायचं, एक कुटुंब घ्यायचे, त्यांचं उत्पन्न, खर्च, कर्ज, मुलं, विमा सगळं मांडायचे आणि मग सल्लागार त्यांना काय बदलायचं ते सांगायचा. मी ती सगळी कुटुंबं वाचून काढली, कादंबरीसारखी. नावं बदलायची, शहरं बदलायची पण सल्ल्याचा क्रम तोच. आधी क्रेडिट कार्डाची बाकी फेडा, मग काही महिन्यांचा खर्च बाजूला काढा, घर ज्याच्या कमाईवर चालतं त्याचा साधा मुदत विमा घ्या, आणि मग गुंतवणुकीचं बोला. साताठ कुटुंबांनंतर सल्लागाराचं उत्तर वाचायच्या आधी मी माझं उत्तर लिहायला लागले आणि ते बऱ्यापैकी जुळायला लागलं. तो माझा कोर्स होता, फुकटातला.

जाड पुस्तक मला तेव्हा झेपलं नसतं, आणि इंटरनेटवर काय शोधायचं ते कळायला आधी शब्द माहीत हवेत ना. ते शब्द मला मासिकाने दिले. महिन्याला एक अंक, हळूहळू, घाई नाही. यूट्यूबवरचा माणूस रोज नवीन काहीतरी करायला सांगतो.

यादी असलेली पानं त्या गठ्ठ्यातही होतीच, पण अंक इतके जुने होते की त्यांवर पैसे लावायचा मोहच झाला नाही. आता वाटतं बरंच झालं.

शाईचे_डाग

उंबरठा, अगदी अगदी! त्या कुटुंबाच्या सदराला सगळ्यात जास्त मेहनत लागायची आणि कव्हरवर कधीच जागा मिळायची नाही.

जमाखर्च

जुने अंक!! भिडू, हे लिहून ठेव. वाचनालयात जा आणि पाच वर्षांपूर्वीचा तो सर्वोत्तम फंडांचा अंक काढ. त्यातलं प्रत्येक नाव आज शोध.

एक फसवी गोष्ट मात्र आधीच सांगतो. काही फंड सापडणारच नाहीत. जे मार खातात ते बंद करतात किंवा दुसऱ्यात विलीन करतात, मग त्यांचा वाईट इतिहास यादीतून गायब. उरतात ते फक्त जगलेले, आणि त्यांची सरासरी छान दिसते. नवीन अंकात हे दिसत नाही, जुन्या अंकात ढळढळीत दिसतं.

टोचा

हे आवडलं. पण मग भिडूने घ्यायचं काय, ते कुणीच सांगत नाहीये.

चक्रवाढ

ते इथे कुणी सांगूही नये, नाहीतर आपलंही मॅगझिनच व्हायचं. :)

पण खर्चाचं गणित सांगतो, कारण ते कुठल्याही देशात आणि कुठल्याही चलनात तेच. समजा खर्च वजा करायच्या आधी परतावा वर्षाला ७ टक्के आहे (उदाहरणापुरता धरलाय, बाजार काही असा सरळ रेषेत चालत नाही). १०० टाकले, ३० वर्षं हात लावला नाही. फंडाचा खर्च ०.१ टक्का असेल तर होतात साधारण ७४०. खर्च १ टक्का असेल तर साधारण ५७४. फरक १६६, म्हणजे मूळ टाकलेल्या रकमेपेक्षा जास्त, आणि तो नुसत्या फीमध्ये गेला. यासाठी कुठलाही अंदाज लागत नाही, एक्स्पेन्स रेशो तर माहितीपत्रकात छापलेलाच असतो.

मॅगझिनमध्ये हे येत नाही असं नाही, येतं, चांगलं समजावून येतं. पण एकदा सांगून झालं की झालं. सामान्य माणसासाठीचा पहिला इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेऊन ठेवणारा) १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड या फंड कंपनीतून आणला तेव्हाही त्याला प्रतिसाद थंडाच होता. ज्याची फीच कमी तो जाहिरातीला आणि एजंटाला पैसे कुठून देणार, आणि त्याच्यावर दर महिन्याला नवीन काय लिहिणार? बाजारात जे आहे ते सगळं थोडं थोडं घ्या आणि बसा, संपला लेख.

रिकामटेकडी

संपला लेख, हाहा. सुरू व्हायच्या आतच.

निवांत_काका

चक्रवाढ, गणिताबद्दल वाद नाही, पण त्या ३० वर्षांत 'हात लावला नाही' हे तीन शब्द तुम्ही फार सहज लिहून टाकलेत. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक जवळजवळ ५७ टक्के पडला होता. शंभराचे त्रेचाळीस. तेव्हा हात न लावणं काय असतं ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. मी तेव्हा निम्मं विकून बसलो होतो, तळाच्या आसपास, आणि परत शिरायला दोन वर्षं घेतली.

इथे मात्र मला मासिकाची एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या काळात माझ्या एका मित्राने काहीच विकलं नाही, तो म्हणायचा की दर महिन्याच्या अंकात कुणीतरी एक म्हातारा स्तंभलेखक तेच तेच लिहितो की आपण आधी ठरवलेलं वाटप (किती पैसे शेअरमध्ये, किती इतरत्र) मोडू नका, शेअर कमी झालेत तर उलट ते भरून काढा. तेच तेच लिहिणं कंटाळवाणं खरं, पण त्याला त्या कंटाळ्याने वाचवलं. मी रोज टीव्ही बघत होतो.

उंबरठा

काका _/\_

टोचा

शेअरच्या टिपांबद्दल एक राहिलं. छापून येणारी टीप आपल्याआधी कुणालातरी ठाऊक असतेच. 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये विनन्स नावाचा पत्रकार शेअरबाजाराच्या गप्पांचं एक सदर लिहायचा, उद्या काय छापून येणार ते तो एका दलालाला आदल्या दिवशीच सांगायचा. दलाल आधी खरेदी करायचा, सदर छापून आलं की भाव हलायचा, याचा नफा तयार. १९८५ मध्ये दोषी ठरला, १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही शिक्षा कायम ठेवली. आता सांगा, नाश्ता करत पेपर वाचणारा त्या रांगेत कितवा?

सगळे असेच असतात असं नाही म्हणत (बघा, मीही सुधारतोय). पण रांगेत आपण शेवटी, हे पक्कं.

नवखा_भिडू

मंडळी, दोन आठवडे गायब होतो कारण जमाखर्चदादांनी सांगितलेलं खरंच करून बघितलं. वाचनालयात पाच वर्षांपूर्वीचा अंक मिळाला, योगायोगाने माझ्या तीन मॅगझिनांपैकीच एकाचा. यादीत बारा फंड होते. त्यातले तीन आज त्या नावाने सापडतच नाहीत, दोन विलीन झालेत असं कळलं, तिसऱ्याचा पत्ताच नाही. याच वर्षीच्या यादीत त्या बारापैकी आलाय फक्त एक. बाकीचे अकरा वाईट निघाले म्हणून काढले असं कुठे लिहिलेलंही दिसलं नाही, नुसते दिसेनासे झाले. मी तर समजत होतो की चुकलं तर पुढच्या अंकात सांगतील.

पण त्याच अंकात उंबरठाताई म्हणतात तसलं कुटुंबाचं सदर होतं, आणि ते वाचताना कळलं की माझ्याकडे आठ फंड आहेत पण आणीबाणीचा पैसा शून्य! सात महिने वाचतोय आणि हे पान मी प्रत्येक वेळी उलटून पुढे गेलो होतो, कारण त्यात काही 'घ्यायचं' नव्हतं. त्या दिवशी वाचनालय बंद होईपर्यंत बसलो आणि अशी नऊ कुटुंबं वाचली.

सबस्क्रिप्शन दोन मॅगझिनांचं सोडून देतोय. तिसरं ज्यात वाचकांच्या प्रश्नांची चार पानं असतात ते एक वर्ष आणखी ठेवणार आहे. टॉप टेनची पानं आली की आईला देणार, तिला कपाटात घालायला कागद लागतो.

एकच शेवटचं विचारतो, आठातले सात फंड आता विकून टाकू का एकदम?

जमाखर्च

शाब्बास! पण एकदम विकायची घाई नको. आधी प्रत्येकाचा एक्झिट लोड बघ, ठरावीक मुदतीच्या आत काढलं तर कापतात. मग विकल्यावर तुझ्याकडे किती कर बसेल तो हिशेब कर. नवे पैसे मात्र आजपासून त्या सातांत टाकणं थांबव, आणि पहिले काही महिने ते आणीबाणीच्या खात्यात जाऊ दे. जे फंड सगळ्यात महाग आणि ज्यांची मुदत उलटून गेलीय ते आधी काढ, बाकीचे सावकाश. कागदावर तारखा मांडून इथे टाक, बघू.

टोचा

आणि आठवा कुठला ठेवतोयस ते सांगू नकोस, नाहीतर इथले सगळे घेतील.